लाल खडूची फुली

ही गोष्ट खरी आहे. मानायची तर माना. पटवून देण्याची ताकद आता गुंजनमध्ये उरलेली नाही.

जागा भिलाईतली. रिसालीतलं दोन खोल्यांचं घर.

वेळ रात्रीची नव्हती. चार मार्च, मंगळवार. भर दुपारचे अडीच.

गुंजनच्या बाबांना, लहानूंना, जाऊन त्या दिवशी एकोणीस दिवस झाले होते. गुंजन शाळेतून शिकवून आली होती आणि आईसमोर ताट घेऊन बसली होती. आई, सिंधुताई, नुसताच भात चिवडत होत्या. बाबा गेल्यापासून चहा-बिस्किटापलीकडे त्यांच्या पोटात काही टिकत नव्हतं. दोनदा सलाइन लावून झालं होतं. तिसऱ्यांदा डॉक्टर भरती करा म्हणाले होते.

आणि मागच्या खोलीतून आवाज आला…

खर्र. खर्र.

मग फुंकर.

खर्र. खर्र.

कानस चालल्याचा आवाज.

सिंधुताईंनी मान वर केली नाही. घास कालवला आणि तोंडात घातला.

मग दुसरा.

मागच्या खोलीत टेबलावर गुंजनची बेस गिटार होती. स्वस्तातली. भीमगीतांच्या पार्टीत ती वाजवायची. तिला आता ती स्लॅप पद्धतीनं, तारांवर अंगठ्याची थाप मारून वाजवायची होती. त्यासाठी तारा खूप खाली आणाव्या लागतात. तारा खाली आणल्या की मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, फ्रेट, सगळ्या एका पातळीत हव्यात. एखादी जरी वर राहिली तरी तार नुसती झरझरते.

बाबा पोलाद कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये फिटर होते.

"थापडा मारून वाजवतेस? त्या बिचारीनं तुहं काय बिघडवलं वं?" असं म्हणत त्यांनीच गिटार कामाला घेतली. सकाळच्या शिफ्टवरून अडीचला आले की रोज एक फ्रेट घासायची. गेज लावून उंची मापायची. चुरा फुंकायचा. एका दिवसाला एकच. वीसपैकी चौदा झाल्या.

पंधराव्या दिवशी ते ड्युटीवरून आलेच नाहीत.

गुंजननं दार लोटलं.

खोलीत कोणी नव्हतं.

पंधरावी फ्रेट चकाकत होती. गिटारीखाली पेपर अंथरलेला, त्यावर पिठासारखा बारीक चुरा…

पेपर त्या सकाळचा होता.

"आई, हे तू केलंस?"

"मले येते का ते?" सिंधुताई म्हणाल्या. "मले तर बल्बही लावता येत नाही."

दुसऱ्या दिवशी गुंजननं कानस पर्समध्ये घातली आणि पर्स मांडीवर घेऊन बसली.

अडीच वाजले.

खर्र. खर्र…

कानस पर्समध्येच होती.

बाबांचे जोडीदार बळीरामकाका भेटायला आले. त्यांनी सहज फ्रेटवर नख फिरवलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"हा हात लहानूचा आहे," ते म्हणाले. "किती दिवस झाले याले घासून?"

काका चहा न घेता उठले.

सिंधुताई आता अख्खी पोळी खात होत्या. बोलतही होत्या.

"सोळा झाल्या. चारच राहिल्या वं."

"मग?"

"मग काय? काम सरलं का माणूस जाते."

मशीन शॉपमध्ये एक रीत होती. तपासणाऱ्यानं जॉबवर, म्हणजे घडवलेल्या भागावर, लाल खडूनं फुली मारली की तो जॉब नापास. पुन्हा करायचा. बाबांनी लाल फुलीचा जॉब कधी पुढच्या शिफ्टवर ढकलला नाही. त्यापायी कितीदा डबल ड्युटी केली.

विसावी फ्रेट झाली त्या संध्याकाळी गुंजननं शाळेतला लाल खडू घेतला.

गिटारीच्या मानेमागे फुली मारली.

दुसऱ्या दिवशी अडीचला कानस सुरू झाली. पहिल्या फ्रेटपासून. पाच वाजले तरी थांबली नाही.

मग रोजच.

एप्रिल गेला. सिंधुताईंच्या अंगावर मांस आलं. मागच्या खोलीतला आवाज मात्र मंद होत गेला. दोन खर्रांच्या मध्ये थांबणं वाढलं. फुंकरीनंतर खोकला.

एके दिवशी खुर्ची ओढल्याचा आवाज आला…

बाबा बसून कधीच काम करत नसत.

गुंजनला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तिनं ओल्या फडक्यानं फुली पुसली. रिकाम्या खोलीत उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "बाबा, जॉब पास आहे. माझंच चुकलं. आता बस करा."

दुपारी अडीच वाजले.

शांतता.

सिंधुताईंच्या हातातला घास हातातच राहिला. त्या दाराकडे बघत राहिल्या.

पाच मिनिटं. दहा…

त्यांनी घास ताटात ठेवला आणि ताट सरकवलं.

आणि तेव्हा…

खर्र.

गुंजन धावत आत गेली. फ्रेट घासून घासून लाकडाला मिळाल्या होत्या. घासायला धातू उरलाच नव्हता. पेपर स्वच्छ. चुऱ्याचा कणही नाही.

आवाज चालूच होता. तिच्या अगदी जवळ. मध्येच धाप लागलेली.

कानस कशावर चालली होती, ते गुंजनला आजही ठाऊक नाही.

"गुंजे," बाहेरून सिंधुताईंची हाक आली, "एक पोळी वाढ वं."

गुंजननं वाढली.

अजूनही रोज वाढते.