कानातला शब्द

तंबूमागच्या नळावर मी बोक्याचं भांडं विसळत होते, तेव्हा अजून उजेड होता. बोका म्हणजे आमचा कुत्रा. पिल्लू असताना मांजरासारखा दबकत चालायचा म्हणून आईने हे नाव ठेवलं. दवाखान्यात त्याचं नाव पुकारलं की सगळे हसायचे.

आई गेल्यापासून तो नीट जेवला नव्हता. परक्या माणसाने काही घातलं तर खाऊ नये, म्हणून आईने त्याला एक शिस्त लावली होती. भांडं ठेवलं की तो बसून राहायचा. आई वाकून त्याच्या कानात एक शब्द बोलायची, मगच तो तोंड लावायचा. तो शब्द तिने आम्हालाही सांगितला नव्हता. मग एका दुपारी ती बाजारातून परत आलीच नाही. आम्ही सुचतील ते सगळे शब्द त्याच्या कानात बोलून पाहिले. तो फक्त आमच्याकडे बघत राहायचा. पिचकारीने भरवलेलं थोडंफार पोटात जायचं. डॉक्टर म्हणाले होते, या आठवड्यात स्वतःहून खाल्लं नाही, तर त्याला आणखी त्रास देण्यात अर्थ नाही.

हवापालट म्हणून आत्याने ही जागा शोधली. उघडं माळरान, लाकडी फळ्यांवर उभारलेले तंबू, आत खराखुरा पलंग आणि कुत्र्यासाठी वेगळी गादी.

"माझ्यापेक्षा याची गादी मऊ," आत्या म्हणाली. "मलाही गळ्यात पट्टा घाला."

बाबा हसले नाहीत. त्यांना ते ऐकूच आलं नसावं. मलाही काही वाटलं नाही. दात काढण्याआधी सुई दिली की गाल आपला राहत नाही, तशी मी कित्येक दिवस होते.

ते दोघं बाहेर शेकोटीपाशी बसले. मी तंबूत भांडं ठेवलं. माळावरून धुकं सरकत जवळ येत होतं. कापडाची फडफड थांबली. आत ओल्या मातीचा वास होता, खूप दिवस बंद असलेल्या जागेचा असतो तसा.

बोका ताठ बसला. पूर्वी बसायचा तसा.

मग कुणीतरी श्वास सोडला. अगदी कानाशी बोलताना सुटतो तेवढाच. शब्द मला ऐकू आला नाही. बोक्याचा कान मात्र हलला, आणि तो खायला लागला.

"बाबा..." मी हाक मारली.

बाबा आत आले आणि तिथेच गुडघ्यांवर बसले.

"तू बोललीस त्याच्याशी?"

"नाही."

"मग..."

आत्या दारातच उभी होती. "वहिनी येऊन गेली गं..." ती कुजबुजली. बाबांनी बोक्याच्या पाठीवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तो काढला नाही.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. आई वरून वाकायची, त्यामुळे तिचा शब्द ऐकायला बोका मान वर करायचा. त्या संध्याकाळी तो श्वास सुटला तेव्हा त्याने मान खाली घातली होती. कान फळ्यांना लावला होता. दोन फळ्यांमधल्या फटीतून खालची पोकळी दिसत होती, आणि तिथे अंधार होता.

आता तो घरीही जेवतो. फक्त माझ्या खोलीत, माझ्या पलंगाशी. आधी जमिनीवर डोकं टेकतो, कान पलंगाखाली नेतो, थांबतो. मग खातो. अंगाने भरलाय. बाबा पुन्हा आंघोळ करताना गुणगुणतात. मी त्यांना काय सांगू?

हल्ली बोका सगळं संपवत नाही. अर्धं ठेवतो आणि नाकाने भांडं पलंगाखाली ढकलतो. मग बाबांच्या खोलीत झोपायला जातो. बाबा आतून कडी लावतात.

सकाळी मी भांडं बाहेर ओढते. ते रिकामं असतं, आणि बाहेरून कोमट लागतं.