चाळीस टेस्टची चाळीस बिऱ्हाडं

“काल पास, आज नापास. लाज कशी वाटत नाही तुला?”

तिनं स्क्रीनला चांगलंच झापलं. जेवणाची सुट्टी होती, खोलीत चिटपाखरू नव्हतं, म्हटलं जरा मन मोकळं करून घ्यावं.

“मला... म्हणालात का?” टेबलाखालून आवाज आला.

हातात केबल आणि भुवईवर धुळीची रेघ घेऊन सर्व्हर विभागातला लांबुडका बाहेर आला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुम्हाला नाही हो... टेस्टला.”

“असं काय केलं तिनं?”

झालं, बाई सुटली. औषधांचं प्रत्येक खोकं कारखान्यातून दवाखान्यापर्यंत कसं गेलं, याची ब्लॉकचेनवर नोंद ठेवणारा प्रोग्राम तिची कंपनी करत होती. एकदा झालेली नोंद मागाहून कुणाला खोडता येऊ नये, हा त्यातला मुद्दा. प्रोग्राम नीट चालतो का ते पाहायला तिनं चाळीस टेस्ट लिहिल्या होत्या. बटण दाबलं की आपोआप धावायच्या, पण रोज वेगळीच नापास. अख्खं ऑफिस हसायचं. पुढच्या शुक्रवारी प्रोग्राम दवाखान्यांच्या हाती द्यायचा होता. तोवर टेस्ट ताळ्यावर आल्या नाहीत, तर त्या काढून टाकायच्या आणि तिला दुसऱ्या कामावर धाडायचं, असं साहेबांनी बजावलं होतं.

“सगळ्या एकाच नोडवर धावतात?” त्यानं विचारलं. नोड म्हणजे त्या नोंदींची साखळी सांभाळणारं यंत्र.

“एकच तर आहे.”

“मग भांडणारच. एका खोलीत चाळीस बिऱ्हाडं म्हटल्यावर काय होणार? एकीनं सात नंबरचं खोकं नोंदवलं, की दुसरी येऊन म्हणते, हे इथं आधीच कुणी ठेवलं? आणि पुसायची तर सोय नाही.” तो हसला. “प्रत्येकीला स्वतंत्र नोड देऊ. बाहेरच्या कुणाशी संबंध नाही, पाटी कोरी. टेस्ट संपली की नोडच मोडून टाकायचा.”

“आणि हे करणार कोण?”

“टेबलाखालचा माणूस.”

सोमवारपासून त्यानं आपली खुर्चीच तिच्या शेजारी आणून टाकली. त्याचं काम पाहताना तिला कौतुक वाटायचं... फार वाटायचं. काही विचारलं तर “सोप्पं तर आहे” असं तो कधीच म्हणायचा नाही. कागद ओढायचा, चौकोन काढायचा, आणि समजलं का म्हणून तिच्याकडे असा पाहायचा, की समजलेलंही ती विसरायची. दुसऱ्या दिवशी ‘अहो-जाहो’ गळून पडलं. तिसऱ्या दिवशी घरी ताईनं डबा धुताना विचारलं, “काय गं, हल्ली दोन चमचे?”

“एखादा हरवला तर असावा...”

“हं. हरवलंय खरं कुणीतरी,” ताई म्हणाली.

शुक्रवारी सकाळी सगळे तिच्या स्क्रीनभोवती जमले. एकोणचाळीस टेस्ट पास झाल्या. एक नापास. तिनं दहा वेळा चालवून पाहिलं, दहाही वेळा तीच नापास. ‘खराब’ असा शिक्का बसलेलं खोकं दवाखान्यानं घेता कामा नये, एवढंच ती टेस्ट तपासत होती. आणि प्रोग्राम ते खुशाल घेत होता.

“एकोणचाळीस पुष्कळ झाल्या,” साहेब म्हणाले. “ही काढा.” मग त्याच्याकडे वळले. “तुझ्या नोडचाच काहीतरी घोळ असेल, नाही का?”

त्यानं नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. मात्र तिची टेस्ट गेली असती, आणि पाठोपाठ तीही. तो स्क्रीनवरच्या ओळी वाचत होता. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

“नोड बरोबर आहे,” तो म्हणाला. “टेस्टही बरोबर आहे. खोकं घेण्याचा हा भाग गेल्या वर्षी मी लिहिलाय. चूक माझी आहे. एरवी ती गोंधळात दडून जायची, आज एकटी पडली म्हणून दिसली. हे कुणाच्या तरी पोटात जाणारं औषध आहे, साहेब. आज देऊ नका.”

साहेबांनी कपाळ चोळलं. “सोमवारी देऊ,” ते म्हणाले. “टेस्ट राहू दे. हिलाही इथंच राहू दे.”

दुपारी तो मान खाली घालून आपलीच चूक निस्तरत बसला होता. ती शेजारी येऊन बसली.

“मीच बरी भेटले तुला. नेमकी तुझीच चूक धरणारी.”

“आणि तीही दहा वेळा. शेवटी शेवटी तर मला कौतुकच वाटायला लागलं.”

“ऐक...” ती म्हणाली. “आपलं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडणारी पुष्कळ पाहिली मी. भरल्या सभेत चूक माझी म्हणणारा पहिल्यांदाच पाहिला. मला तू आवडतोस. खूप आवडतोस. बोलले बाई एकदाची.”

त्याचे हात थांबले. कान लाल झाले.

“मग... आणखी एक कबूल करायचंय. ते नोड एका दिवसाचं काम होतं.”

“आणि चार दिवस लागले ते?”

“ते तुझ्याशेजारी बसायला.”

तिनं रागावून पाहिलं, पण जमेना. “आणि हे आत्ताचं काम किती वेळाचं?”

“हे? तासाभराचं.”

“सोमवारपर्यंत पुरवून कर,” ती म्हणाली, आणि तिनं खुर्ची आणखी जवळ ओढली.