उजवा गरम, डावा गार

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या घरात घडली आहे, आणि अजून संपलेली नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. फक्त आमच्या घरी या, चपला दारात काढा आणि मधल्या खोलीतल्या शहाबादी फरशीवरून एकदा अनवाणी चालून दाखवा.

मी शिवप्रिया. आमचं गाव मुरुमच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. गावाचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील.

गावात वीरभद्राचं देऊळ आहे. थंडीत जत्रा भरते आणि दिवस मावळताना देवळासमोर अग्नी तुडवतात. बाभळीचे निखारे लांबच्या लांब पसरलेले असतात, त्यावरून अनवाणी पलीकडे जायचं. पहिलं पाऊल टाकायचा मान आमच्या घराचा. एक साल माझे वडील, भीमाशंकर आप्पा. पुढच्या साली त्यांचे धाकटे भाऊ, शंभूकाका.

दोन वर्षांपूर्वी पाळी काकांची होती.

हे लक्षात ठेवा.

आप्पांना बरीच वर्षं शुगर होती. मुरुमला आमचं किराणा दुकान आहे. दुकानातून घरी यायचे तेव्हा कधी कधी एकाच पायात चप्पल असायची. दुसरी वाटेत गळून पडलेली आणि यांना पत्ताच नाही. "आप्पा, चप्पल कुठं?" विचारलं की खाली बघायचे आणि हसायचे. आम्हीही हसायचो.

एकदा काकांच्या हातून उकळता चहा त्यांच्या पावलावर सांडला. आप्पा बोलतच राहिले. काका मात्र त्या पायाकडं बघत बसले.

मग काकाच त्यांना सोलापूरला डॉक्टरकडं घेऊन गेले. परत आल्यावर म्हणाले, "काय न्हाय, अशक्तपणा हाय."

आणि थोड्या वेळानं आप्पांना... "अण्णा, तुमच्या पायाला चटका बसत न्हाय. ही वीरभद्राची कृपा हाय. या साली अग्नी तुमीच तुडवा."

काका निखाऱ्यांना घाबरायचे. पाळी त्यांची असली की जत्रेआधी घास उतरायचा नाही त्यांना. पण माघार घेतली तर मान दुसऱ्या घरी जातो, आणि मानाचा फेटा तर हवाच होता.

आप्पा भोळे. त्यांना खरंच वाटलं.

लोक अग्नी झपाझप तुडवतात. आप्पा सावकाश चालले. मधोमध थांबले... हात जोडून उभे राहिले. सगळी जत्रा बेभान झाली. पलीकडे पोचले तेव्हा सगळ्यांत आधी काका त्यांच्या पाया पडले.

घरी आल्यावर अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, ते पाय धुवायला घेतले आणि तिच्या हातातला तांब्या खाली पडला. तळव्याची कातडी पाण्याबरोबर निघत होती. आप्पा विचारत होते, "काय झालं?"

दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर काका दारात आडवे. "अख्ख्या गावानं बघितलंय. आता दवाखान्यात नेलं तर देवाचं नाव जाईल आन् आपलं बी. हळद लावा."

हळदीत दिवस गेले. पायाला वास यायला लागला तेव्हा काकांचा मुलगा उमाशंकर बापाला बाजूला ढकलून गाडी घेऊन आला. चुलत असला तरी मला सख्ख्या भावासारखा. आप्पांना त्यानं उचलून गाडीत घातलं.

सोलापूरच्या त्याच डॉक्टरांनी पायाला उलटा हात लावला. मग मलाही लावायला सांगितला. उजवा पाय तव्यासारखा तापला होता. डावा... विहिरीतल्या दगडासारखा गार. एकाच माणसाचे पाय वाटत नव्हते.

डॉक्टर म्हणाले, शुगरनं नसा मेल्या की पायाला गरम-गार कळत नाही. घाम येत नाही, कातडी सुकून फुटते. आत जखम चिघळली की पाय तापतो, रक्त पोचलं नाही की गार पडतो. ज्याचा पाय त्यालाच समजत नाही, म्हणून घरच्यांनी रोज असा हात लावून बघायचं.

मग ते म्हणाले, "तुमच्या काकांना हे सगळं सांगितलं होतं मी. गरम पाण्यात सुद्धा पाय घालू देऊ नका म्हणालो होतो."

आप्पांचा उजवा पाय कापला. तरी विष अंगात भिनलंच. शेवटी काका भेटायला आले तेव्हा आप्पांनी त्यांचा हात धरला. आवाज अगदी शांत होता.

"शंभू, पुढल्या साली तू. भिऊ नगं. म्या संगं येतो."

काका रडले. मला त्या माणसाचं तोंड बघवत नव्हतं. मी मनात एकच मागितलं, यालाही तसंच जळू दे.

आप्पा गेले. आम्ही लिंगायत, आमच्यात बसवून माती देतात. आप्पांना बसवलं तेव्हा उजव्या पावलाच्या जागी नुसतं कापड होतं.

पुढची थंडी आली.

एका सकाळी मी मधली खोली झाडत होते. फरशी गारठलेली. अचानक पायाला चटका बसला. एकच जागा, पावलाएवढी. पुढं पाऊल टाकलं... तिथं बर्फ. त्याच्या पुढं पुन्हा चटका.

गरम... गार... गरम... गार...

कुणीतरी चालत गेल्यासारखं. दारातून आत.

उजवा गरम, डावा गार.

उजवा पाय तर सोलापूरलाच राहिला होता.

मी अव्वाला बोलावलं. तिनं त्या जागी पाय ठेवला आणि डोळे मिटले. "तुजे आप्पा हायत," एवढंच म्हणाली. "येऊ दे."

मग आवाज सुरू झाला. चट... आणि मग काहीच नाही. चट... पुन्हा काहीच नाही. एकाच पायात चप्पल घालून चालणाऱ्या माणसाचा. मला ऐकू यायचा, अव्वाला यायचा. उमाशंकर तर विचारायचा, "ताई, फरशी का तापलीय?"

फक्त काकांना काही कळत नव्हतं. ते त्याच जागांवरून अनवाणी ये-जा करायचे. पाय दचकत नव्हता की थांबत नव्हता.

रोज ती पावलं मधल्या खोलीतल्या त्यांच्या खाटेच्या जरा जवळ सरकत होती.

जत्रेच्या सकाळी मी खाटेजवळ पाय टेकवून बघितला. पावलं खाटेला लागून होती... आणि आता त्यांची बोटं दाराकडं होती. न्यायला आल्यासारखी.

मी कुणाला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी काका फेटा बांधून निखाऱ्यांवर उतरले. पहिली पावलं घाईघाईची. मग चाल मंदावली. मग मधोमध, जिथं आप्पा थांबले होते तिथंच... ते थांबले.

लोक ओरडायला लागले. हलगी बंद पडली.

काका शेजारी बघत होते. शेजारी कुणी नव्हतं.

"अण्णा, हात सोडा," ते म्हणाले. "सोडा की."

मग त्यांच्या चेहऱ्यावरची भीतीच गेली. "गार हाय..." ते हसून म्हणाले. "लई गार हाय..."

मांस जळल्याचा वास माझ्यापर्यंत आला. उमाशंकर बुटांसकट आत धावला आणि त्यानं बापाला ओढून बाहेर काढलं.

पुन्हा सोलापूर. तेच डॉक्टर. काकांना शुगर नाही, कधीच नव्हती. डॉक्टर पायाला सुई टोचत होते आणि काका छताकडं बघत होते. मी न सांगता उलटा हात लावला.

उजवा गरम. डावा गार.

डॉक्टरांनीही लावून बघितला. दोनदा.

काका वाचले. उजवा पाय गेला. मधल्या खोलीत खाटेवर पडून असतात. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला लिहू. आप्पा गेल्यापासून अव्वा पहिल्यांदा त्या दिवशी पोटभर जेवली. फरशी सगळीकडं सारखी गार झाली. मला वाटलं, फिटलं.

या साली घरात अग्नी तुडवणारा एकच माणूस उरला आहे. उमाशंकर. तो दिवाळीतच म्हणाला होता, "ताई, म्या न्हाय तुडवणार. मान जाऊ दे." मी सुटकेचा निःश्वास टाकला होता.

काल दिवेलागणीला तो दुकानातून आला.

एकाच पायात चप्पल होती.

"उमा... चप्पल कुठं?"

त्यानं खाली बघितलं. आणि हसला. अगदी आप्पांसारखा.

"कळलंच न्हाय की," तो म्हणाला. "ताई, म्या काय म्हनतो... तुडवावा का या साली अग्नी? आताशा मला चटकाच बसत न्हाय बग."

मी खाली बसले. त्याच्या पायांना उलटा हात लावला. एका पायाला, मग दुसऱ्याला. उजवा गरम, डावा गार.

तेवढ्यात त्याच्या मागं, दारात... चट.

मग काहीच नाही.

"आप्पा, बस झालं," मी म्हणाले. "यानंच तुम्हाला उचलून नेलं होतं. याचा काय दोष?"

उमाशंकर माझ्याकडं बघत राहिला. चप्पल पुन्हा वाजली नाही. मीही तशीच बसून होते. आणि माझ्या गुडघ्याखालची फरशी, पावलाएवढीच, हळूहळू तापत होती.