आत धुकं नाही

पाचपट

फोन दुपारी आला. "बाई, स्कोप तपासायचाय. आत्ताच्या आत्ता. फळीवाल्याला लागलंय."

नेमबाजीचं मैदान आठशे मीटरचं. पलीकडे फळ्या, फळ्यांखाली चर, चरात बसून छिद्रं मोजणारा फळीवाला. सकाळी गोळी फळीच्या हातभर खाली गेली, चराच्या कडेचा पत्रा फुटला आणि तुकडा फळीवाल्याच्या खांद्यात घुसला. तो शुद्धीवर होता, एवढंच काय ते बरं.

गोळी झाडली क्लबची हत्यारांची कोठी सांभाळणाऱ्या कोठीवाल्याच्या मुलीने. रायफलवरचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, कोठीवाल्याने दिलेला. कोठीची किल्ली एकच, त्याच्या कमरेला.

बाई क्लबवर पोचताच तपास अधिकाऱ्याने स्कोप टेबलावर ठेवला.

"सरळ आहे. खरा निघाला, तर पोरीचा हलगर्जीपणा. नकली निघाला, तर बापाने अस्सल विकून हा बसवला. पाच वाजता मी दोघांपैकी एकाला घेऊन जाणार."

"नकलीच असणार साहेब," कोठीवाला म्हणाला. "मलाच न्या."

"बाबा, तुम्ही गप्प बसा हो!"

भिंगबाईंनी स्कोप उचलून पाहिला. परीक्षणशाळेत सगळे त्यांना याच नावाने ओळखत. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. तिथे घड्याळकाका बसले होते. आधी घड्याळं दुरुस्त करायचे, आता क्लबचे स्कोप. बाईंना हे काम त्यांनीच शिकवलेलं. पाण्याचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"गारठ्यात ठेव पोरी," काका म्हणाले. "अस्सल नळीत कोरडा वायू असतो, आत धुकं धरत नाही. नकलीत साधी हवा. लगेच उघडं पडेल."

दहापट

क्लबच्या फ्रिजमध्ये, पाण्याच्या बाटल्यांच्या मधोमध, एक तास.

बाहेर काढताच काच पांढरी झाली. बाईंनी ती पुसली. धुकं फक्त बाहेरून होतं. आतलं भिंग लख्ख.

पुढच्या कड्यावर कोरलेला नंबर अधिकाऱ्याने कोठीच्या वहीशी ताडून पाहिला. जुळला.

"अस्सल." तो मुलीकडे वळला. "चला."

"अहो, घाई कशाला? पाच वाजायला अजून वेळ आहे."

बाईंनी स्कोप शिकंज्यात आवळला आणि समोरच्या भिंतीवरच्या चौकटींच्या तक्त्यावर रोखला. मधोमध चित्र स्वच्छ होतं. कडेला मात्र रेघा पाण्यातून पाहाव्यात तशा वाकलेल्या, पिवळट.

मग नेम सरकवणारी चकती. वीस खटके वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे. मधली फुली निघाली तिथेच परत यायला हवी.

नाही आली. चार चौकटी वर थांबली, म्हणजे नेम धरताना रायफलचं तोंड तेवढं खाली झुकणार. दुसऱ्यांदा सहा.

"नकली आहे," बाई म्हणाल्या.

कोठीवाल्याने सुटकेचा श्वास सोडला आणि दोन्ही हात पुढे केले.

"नंबर अस्सल, आत धुकं नाही आणि तरी नकली?" अधिकारी वैतागला. "बाई, एक काय ते ठरवा!"

पंधरापट

— हा स्कोप कोठीबाहेर कधी गेला होता?

— मागच्या महिन्यात. चकती घट्ट फिरत होती म्हणून काकांकडे दिला. दोन दिवस.

— काका?

— तेल दिलं चकतीला. नळी उघडायचं कारणच नव्हतं.

— नंतर कुणी वापरला?

— कुणीच नाही. सराव बंद होता. आज पहिला दिवस.

— तुला काही वेगळं जाणवलं का गं?

— चकती मऊ वाटली. पहिल्या गोळ्या बरोबर बसल्या. मग वारा वाढला, मी चकती फिरवली. वारा पडल्यावर होती तिथे परत आणली.

— आणि फुली परत आली नाही.

— मला वाटलं, माझाच श्वास चुकला.

— कोठीवाले, नळीत वायू भरता येतो तुम्हाला?

— बाई, मला सायकलमध्ये हवा भरता येत नाही. हिला विचारा.

मुलगी रडता रडता हसली. काका हसले नाहीत.

पंचवीसपट

बाईंनी पुढचं कडं फिरवून काढलं आणि भिंगाखाली धरलं. कड्याचे आटे बारीक, नळीचे जाड. दोन वेगळ्या कारखान्यांचं काम. एकमेकांत बसावेत म्हणून आटे कुणीतरी कानशीने घासले होते.

खाली रबरी कडी, कोरी करकरीत. तिच्यावर ग्रीस. फासलेलं नाही. सुईच्या टोकाने एकेक ठिपका ठेवलेला.

बाईंनी ठिपके मोजले. बारा. तबकडीवरच्या आकड्यांसारखे, समान अंतरावर.

त्या स्वतःही बाराच ठेवत. तसंच शिकवलं होतं त्यांना.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. पाचला दहा मिनिटं कमी होती.

नुसत्या डोळ्यांनी

"साहेब, नळी नकली, नंबराचं कडं अस्सल," बाई म्हणाल्या. "विकण्यासाठी चोरणारा नंबर काढून ठेवत नाही. बिननंबरी अस्सल माल घेणार कोण? म्हणजे अस्सल स्कोप विकायचाच नव्हता. तो निकामी झाला होता."

अधिकाऱ्याने कडं उचलून पाहिलं.

"ज्याच्या हातून झाला, त्याने हुबेहूब नकल आणली आणि तिच्यावर जुनं कडं चढवलं. इथवर कोणीही केलं असतं. पण कडं चढवायला नळी उघडावी लागली. आणि उघडलेली नळी तशीच बंद करणं त्याला जमलं नाही. नवी रबरी कडी घातली, बारा ठिपके दिले, कोरडा वायू भरला. नकली मालाला एवढी माया कोण लावतं?" त्या वळल्या. "काका, हात कधीपासून थरथरतोय?"

घड्याळकाकांनी पेला खिडकीत ठेवला. पाणी हिंदकळलं.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "आतलं भिंग निसटलं. तडा गेला. माझ्या खणात आहे. चाळीस वर्षांत माझ्या हातून कधी काही पडलं नव्हतं. कुणाला सांगू?"

"ते समजू शकते मी. पण गारठ्यात ठेव म्हणालात, ते? तुम्हाला ठाऊक होतं धुकं येणार नाही. स्कोप अस्सल ठरला असता आणि ही पोरगी गेली असती."

काकांनी मुलीकडे पाहिलं नाही. अधिकारी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला. कोठीवाल्याचे हात अजून पुढेच होते. मुलीने ते धरून खाली घेतले.

दारापाशी काका थांबले.

"पोरी," त्यांनी हळूच विचारलं, "एक तास ठेवला होतास ना? आत धुकं अजिबात नव्हतं?"

"नाही काका," बाई म्हणाल्या. "अजिबात नव्हतं."