कुंडी स्पष्ट दिसते

"ही कुंडी मी ओळखतो!"

दुकानात शिरल्या शिरल्या एखाद्या गिऱ्हाइकानं असं म्हटलं, तर त्यावर बोलायचं तरी काय? तिनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि वर पाहिलं. एक उंच तरुण दारात छत्रीचं पाणी झटकत उभा होता. त्याची नजर तिच्याकडे नव्हतीच... काउंटरवरच्या निळ्या कुंडीवर होती.

"कोपरा उडालेला, निवडुंग डावीकडे कललेला... म्हणजे विकीवरच्या ‘कुंडी’ तुम्ही?"

झालं! नक्कीच आपलं काहीतरी चुकलंय, असं तिनं धरूनच टाकलं.

तशी ती जात्याच घाबरट. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण कुणीतरी तिच्याकडे बघूनच केली असावी. फोन वाजला की कुणाला तरी काहीतरी झालंय, आणि बराच वेळ वाजला नाही तर नक्कीच झालंय, असं तिचं गणित. "तुझ्या डोक्यात काळजीचं दुकान आहे," मामा म्हणायचा, "आणि ते आपल्या दुकानापेक्षा जोरात चालतं."

दुकान मामाचं. लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर घ्यायचे, दुरुस्त करायचे, त्यात ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारी सिस्टीम घालायची आणि विकायचे. त्यात सगळं सुरळीत असायचं, घोडं अडायचं ते वेबकॅमवर. अशा सिस्टीमवर कॅमेरा चालेल की नाही, हे कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून वापरणाऱ्यांनीच मिळून इंटरनेटवर एक विकी उभी केली होती. ज्याला जे कळलं ते त्यानं लिहावं, चुकलं तर दुसऱ्यानं सुधारावं. त्यातलं वेबकॅमचं पान ती सांभाळायची. पानाचे दोन नियम होते. कॅमेरा स्वतःच्या हातानं तपासून, नमुन्याचा फोटो टाकूनच नोंद करायची. आणि दुसऱ्या कुणी दुजोरा दिल्याशिवाय ती नोंद पक्की धरायची नाही.

फोटोत बाकीचे आपापले चेहरे टाकायचे. ही बाई कॅमेरा दिसला की बाजूला सरकणारी! नाक मोठं दिसेल, कुणी हसेल, कुणी ओळखेल... त्यापेक्षा कुंडी बरी. कुंडीला लाजबीज काही नसते. प्रत्येक फोटोखाली तिची ठरलेली ओळ असायची – ‘चालतो. कुंडी स्पष्ट दिसते.’

"तुमच्या भरवशावर हा कॅमेरा घेतला," त्यानं पिशवीतून कॅमेरा आणि एक म्हातारा लॅपटॉप काढला. "जरा बघता?"

तिनं वायर जोडली. स्क्रीनवर कुंडी उमटली. काटा न् काटा मोजून घ्यावा इतकी स्वच्छ. तिच्या जिवात जीव आला.

"चालतोय की!"

"कुंडी स्पष्ट दिसते," तो गंभीरपणे म्हणाला. "आता हे बघा."

त्यानं कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात भराभर हलवले. स्क्रीनवर हात आलेच नाहीत. ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तसे नुसते फिकट फराटे आले.

"तुमची कुंडी हलत नाही हो," तो हळूच म्हणाला. "माझी आई हातांनी बोलते."

मग स्टुलावर बसून त्यानं सगळं सांगितलं. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात तो कामाला होता. आई जन्मापासून बहिरी. तिच्या खुणा कुठल्या शाळेतल्या नव्हत्या, घरातच घडलेल्या होत्या. सध्या ती दूर, ताईकडे राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, ऑपरेशनची तारीखही मिळाली होती, पण आईचा एकच हेका – कान मिळालेच नाहीत, आता डोळ्यांना सुरी लावू देणार नाही.

"ताई समजवायला जाते आणि स्वतःच रडते. डोळ्यांच्या बाबतीत आई माझंच ऐकते. पण मालक आजारी, दुकान माझ्या गळ्यात. जाऊ कसा?"

"मग फोनवरून...?"

"फोनमध्ये एकतर तोंड मावतं, नाहीतर हात. तिला दोन्ही लागतात, आणि मोठे लागतात. ताईकडे मोठा टीव्ही आहे. अडलंय ते माझ्याच टोकाला." तो थांबला. "ही तारीख चुकली तर पुढची कधी मिळेल कुणास ठाऊक. आणि तोवर तिला दिसायचंच बंद झालं, तर... तर मी तिच्याशी बोलणार कसा?"

एक कॅमेरा चुकला असता तर एक वेळ समजण्यासारखं होतं. पण पानावरचे सगळेच कॅमेरे तिनं कुंडीवर तपासले होते! त्याच्यासमोरच तिनं पान उघडलं आणि सगळ्यात वर लिहिलं – ‘इथल्या माझ्या सगळ्या चाचण्या न हलणाऱ्या वस्तूवर झाल्या आहेत. त्यांच्यावर विसंबू नका. मी पुन्हा तपासते आहे.’ बटण दाबताना तिनं डोळे गच्च मिटले होते.

"एवढं काय घाबरता?" तो म्हणाला. "मी भांडायला नव्हतो आलो."

"मग कशाला आलात?"

"आलो होतो भांडायलाच," तो हसला. "कुंडी बघून विसरलो."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तो यायला लागला. तो आतल्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसायचा, ती बाहेर स्क्रीनसमोर. त्यानं स्वतःचे हात स्वतःच बघून उपयोग नव्हता. आपण काय बोलतोय ते आपल्याला माहीतच असतं, त्यामुळे फराटेसुद्धा समजल्यासारखे वाटतात. म्हणून मग तिला खुणा शिकणं आलं. छातीवरून तळवा सावकाश खाली, म्हणजे घाबरू नकोस. तळव्यावर दोन बोटं टेकवली की मी इथेच आहे. गळ्यापाशी चिमूट म्हणजे भीती. आणि ओंजळीतून एक बोट वर आलं, की...

"हे काय?" तिनं बाहेरून ओरडून विचारलं.

"कुंडी! आईला तुमच्याबद्दल सांगायचं तर नाव नको?"

"माझ्याबद्दल काय सांगायचंय?"

स्क्रीनवर त्याचे कान लाल झालेले दिसले. रंग दाखवायला कॅमेरा चांगला होता.

"या कॅमेऱ्यात हात कसे दिसतात?" थोड्या वेळानं आतून विचारणा झाली.

"फराटे."

"आणि मी?"

"तुम्हीही फराटेच."

"अहो, मी तर हललोसुद्धा नव्हतो!"

मामा पेपरच्या आड खाकरला. खोकला त्याला महिनोन्महिने झाला नव्हता.

दिवस चालले होते, तारीख जवळ येत होती आणि एकही कॅमेरा कसोटीला उतरत नव्हता. तिची झोप उडाली. त्याच्या आईला तिनं कधी पाहिलंही नव्हतं, तरी डोळे मिटले की अंधारात हात चाचपडणारी एक म्हातारी दिसायची. आणि दुपारी तो यायला जरा उशीर झाला, की रस्त्यावरचे सगळे ट्रक तिच्या काळजावरून जायचे. हे आपल्याला काय होतंय ते तिला कळत होतं. त्याचीच तर जास्त भीती वाटत होती.

एका दुपारी स्क्रीनवर हात एकदम स्वच्छ आले. बोट न् बोट वेगळं. ती टाळी वाजवणार, तोच पुन्हा फराटे!

"आत्ता काय केलंत?"

"काही नाही. आभाळ आलं. अंधारलंय जरा."

ती धावतच आत गेली. "अंधार झाला की डोळा काय करतो?"

"बाहुली मोठी करतो. जास्त उजेड आत घेतो," चष्मेवाल्यानं सवयीनं सांगितलं... आणि दोघं एकमेकांकडे बघतच राहिली.

कॅमेराही तेच करत होता. उजेड कमी पडला की तो प्रत्येक चित्रासाठी डोळा जास्त वेळ उघडा ठेवायचा. कुंडी झकास यायची, पण तेवढ्या वेळात हात इकडून तिकडे जाऊन फराटा व्हायचा. सिस्टीममध्ये शोधलं तर ही सवय बंद करायची एक साधी सेटिंग होती. तिनं ती बंद केली. चित्र काळवंडलं, पण हात हातांसारखे दिसू लागले. मग मामाच्या टेबलावरचा दिवा उचलून त्याच्यासमोर ठेवला. आणि त्याचा तो पहिला, पिशवीतला कॅमेरा जोडून पाहिला, तर तो चक्क चालला!

"म्हणजे कॅमेरा चांगलाच होता," ती पुटपुटली. "नोंदच अर्धवट होती."

"तू रडतेयस की काय?"

‘तू’ कधी झालं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. ती रडत होती खरी. कॅमेरा सापडला, म्हणजे त्याचं इथलं काम संपलं. उद्यापासून तो कशाला येईल?

"माझ्या खोलीत उजेड नाही," तो कुंडीकडे बघत म्हणाला. "उद्या आईशी... इथूनच बोललं तर चालेल?"

दुसऱ्या दिवशी मामा ‘बँकेत जाऊन येतो’ म्हणून जो गेला तो गेलाच. आभाळ भरून आलं होतं. ती कॅमेऱ्याच्या बाजूला, चित्रात येणार नाही अशी, दिवा हातात धरून उभी राहिली. स्क्रीनवर ताई आली, आणि मग आई. पांढरे केस, धुरकट डोळे, आणि मुलाचे हात दिसताक्षणी फुललेला चेहरा! आई बोलायलाच लागली. किती दिवसांचं साठलं होतं, तिची बोटं थांबेनात.

मग त्यानं ऑपरेशनचं काढलं आणि आईचे हात मांडीवर पडले. त्यानं पुन्हा सांगितलं. डोळा दाखवला, भिंग दाखवलं, घाबरू नकोस म्हणाला. आईनं मान हलवली. तो आणखी भराभर सांगायला लागला, तेव्हा आईनं तोंडच फिरवलं.

आईनं तोंड फिरवलं की संपलं. हाक मारून उपयोग नाही, आवाज चढवून उपयोग नाही. त्याचे हात हवेत तसेच राहिले. दिव्यामागून बघणाऱ्या तिनं त्याचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

तिच्या हातातला दिवा हलला. टीव्हीवर सावल्या हलल्या असाव्यात, कारण आईनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. बोट वर करून विचारलं – कोण? त्यानं हातांनी झटकन काहीतरी सांगितलं, बाजूनं तिला ते नीट दिसलं नाही.

आता बाजूला सरकायची वेळ होती. तिचे पाय सरकायच्याच तयारीत होते. पण ती दिवा टेबलावर ठेवून सरळ कॅमेऱ्यासमोर येऊन बसली. त्याच्या खांद्याला खांदा लावून. नाक जेवढं मोठं दिसायचं तेवढं दिसो!

मी, ती हातांनी म्हणाली. गळ्यापाशी चिमूट. खूप. रोज. मग आईकडे बोट दाखवलं, आणि पुन्हा चिमूट.

आई टक लावून बघत होती. मग तिनं भुवई उंचावली, स्वतःच्या गळ्यापाशी चिमूट धरून दाखवली आणि नकारार्थी बोट हलवलं. अशी नाही, अशी. थोडी वर.

"तू म्हणालीस, मला रोज खूप खोकला येतो," तो कसाबसा म्हणाला.

ती शरमेनं लाल झाली. तिकडे आई मात्र खांदे उडवत हसत होती, आणि ताई हसता हसता डोळे पुसत होती. तिनं चिमूट थोडी वर धरून पुन्हा सगळं सांगितलं. शेवटी तळव्यावर दोन बोटं टेकवली. मी इथेच आहे.

आई हसायची थांबली. टीव्हीला नाक लागेल इतकी पुढे आली, डोळे बारीक करून बघत राहिली, आणि मग सावकाश काहीतरी बोलली.

"काय? काय म्हणतायत? चुकलं का माझं काही?"

"म्हणतेय, पोरीचे हात दिसतात, पण तोंडाच्या जागी सगळा धूर आहे... ताईला सांगतेय, डॉक्टरला कळव, येते म्हणून. हिला नीट बघायचंय."

तिनं दिवा जरा मागे सरकवला. दिव्यापाशी कुंडीची सावली पडली होती.

"कोण म्हणून विचारलं, तेव्हा काय सांगितलंस?" तिनं विचारलं.

"कुंडी म्हणालो."

"एवढंच?"

"आपल्या घरातली कुंडी, म्हणालो." तो टेबलाकडे बघत होता. "तुला न विचारताच नोंद केली. चुकली असेल तर... सुधार. नियमच आहे ना तसा."

"नियम दुजोऱ्याचाही आहे," ती म्हणाली. "दुसऱ्यानं दिल्याशिवाय नोंद पक्की होत नाही."

"मग?"

तिनं त्याचा हात ओढून घेतला, त्याचा तळवा उघडला आणि त्यावर स्वतःची दोन बोटं टेकवली. त्यानं ती मुठीत धरून ठेवली.

तेवढ्यात तिचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. त्याचा हिरवा दिवा अजून चालूच होता. स्क्रीनवर ताई तोंडावर पदर धरून बसली होती, आणि आई दोन्ही हात उंच करून, अगदी सावकाश, सगळ्यांना कळावं असं काहीतरी सांगत होती.

"काय म्हणतायत?" तिनं विचारलं. या वेळी ती बाजूला सरकली नाही.

"म्हणतेय," तो म्हणाला, "हात स्पष्ट दिसतात."