परीक्षकबाईंचा घोट

तोंडातला घोट थुंकायचा कुठे, एवढाच प्रश्न होता. आणि समोर निळ्या झिलईचं, रुंद तोंडाचं मातीचं भांडं आयतंच ठेवलेलं. बाईंनी मागचापुढचा विचार न करता काम उरकलं.

"अहो...! ते प्रदर्शनाला निघालंय!"

दारात कुंभार उभा होता. हात कोपरापर्यंत मातीने माखलेले, चेहरा पार उतरलेला. बाई शहरातल्या एका दुकानासाठी वाइन पारखत. पारखणाऱ्याने घोट घोळवायचा नि थुंकायचा असतो, गिळायचा नसतो, हे त्यांनी कानकोंडं होत समजावलं.

"आणि थुंकायला माझंच भांडं सापडलं?"

"सगळ्यात सुंदर तेच होतं —"

यावर रागवावं की लाजावं, हे बिचाऱ्याला कळेना. तो नुसता हसला. त्या हसण्यात बाई अडकल्या, त्या अडकल्याच.

डोंगरउतारावरच्या त्या घरात तळघरात आत्या वाइन करायची आणि वरच्या खोलीत तिचा हा भाचा चाक फिरवायचा. आत्याची वाइन एकदा पसंत केली, की बाईंचं गावातलं काम संपलं. पण संपवायचं होतं कुणाला? एका खेपेला त्यांनी वाइन 'जरा कोवळी' ठरवली, पुढच्या खेपेला 'अजून रुसलेली', मग 'विचार करून सांगते'. आणि दर खेपेला भाच्याची नवी पिकदाणी तयार! कधी वेलबुट्टीची, कधी नाजूक कानांची.

"इतकी देखणी... थुंकवत नाही हो."

"मग नका थुंकू."

"झिंगले तर?"

"राहा की मुक्कामाला —" आणि कान लाल करून, "म्हणजे... आत्याकडे."

शेवटी आत्याच कंबर कसून उभी राहिली. "माझ्या वाइनला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती, परीक्षकबाई! आज काय ते सांगा. नाहीतर पिंप दुसऱ्या दुकानात जाईल."

बाईंनी घोट घेतला. वाइन पहिल्यापासूनच अप्रतिम होती. आता हो म्हटलं की इथे यायचं निमित्तच संपलं. गाल फुगलेले, डोळे भरलेले, अशा त्या उभ्या राहिल्या.

तेवढ्यात भाचा पिकदाणी घेऊन धावत आला. "थांबा! तुमचं तोंड भरलंय तोवरच विचारतो, म्हणजे लगेच नाही म्हणता येणार नाही. माझ्याशी... लग्न कराल?"

"अंऽऽ!"

"थुंका, मग बोला."

बाईंनी पिकदाणी हाताने बाजूला सारली आणि अख्ख्या नोकरीत पहिल्यांदाच घोट गिळून टाकला.

"हो! कधीचं हो."

"आणि माझ्या वाइनचं काय?" आत्या कडाडली.

"ती पहिल्या दिवसापासून उत्तमच आहे... आत्या."

आत्याने भाच्याच्या हातातली पिकदाणी काढून घेतली, खिडकीतलं रोपटं मातीसकट तिच्यात लावलं आणि बाईंचा पेला काठोकाठ भरला.

"घे. या घरात यापुढे थुंकणं बंद."