टॉवेलाखालचा आकडा

अहवाल दहाला येणार होता आणि नऊपासूनच बिरूदेव लवटे खांद्यावरचा टॉवेल मांडीवर घेऊन रुग्णालयाच्या बाकावर बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी बैलबाजारात दलाली केली. तिथं भाव तोंडानं फोडायचा नसतो, टॉवेलाखाली समोरच्याची बोटं धरून सांगायचा असतो. एक बोट म्हणजे एक, अख्खी मूठ म्हणजे पाच. आता सौदे मोबाइलवर होत, पण म्हातारे दलाल टॉवेल सोडत नव्हते. जित्याची खोड, दुसरं काय.

त्यांच्या स्वरयंत्रावर कर्करोगाची गाठ होती, चौथ्या टप्प्यातली. अशा वेळी स्वरयंत्र काढून टाकायचं की नाही, हे पूर्वी डॉक्टर अनुभवानं ठरवत. आता जिल्ह्याच्या रुग्णालयात प्रथिनवाचक आला होता. गाठ रक्तात अकरा प्रथिनं सोडते. काहींवरून तिची वाढ कळते, काही शरीराच्या पहारेकऱ्यांना गुंगी देतात. त्या सगळ्यांचं प्रमाण जुळवून यंत्र एकच आकडा द्यायचं: अशा दहा रोग्यांपैकी ऑपरेशननंतर दोन वर्षांनी किती जिवंत असतील. लोक त्याला कुंडली म्हणत. ऑपरेशन न केल्यास किती जगतील, हे सांगायला यंत्र लागत नव्हतं.

आकडा कुणाला सांगायचा ते रोग्यानं ठरवायचं, असा नियम होता. बिरूदेवांनी मुलीचं नाव दिलं. प्रणाली जतच्या शाळेत गणित शिकवायची. तिला त्यांनी फाटक्या आवाजात बजावलं होतं, "पाच निघालं तर काप म्हणावं गळा. खाली आलं तर माझा आवाज माझ्याजवळ ऱ्हाऊ दे. बाजारात चार माणसांशी बोलत बोलत जाईन. पर त्वांडानं सांगू नगंस, आई शेजारी बसल्याली असती."

डॉक्टर नाझनीन मुल्लांनी पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर दोनचा आकडा होता.

यंत्र चुकतं का, असं प्रणालीनं विचारलं. यंत्र तुमच्या वडिलांना ओळखत नाही, त्यांच्यासारख्या चार हजार जणांना ओळखतं, असं डॉक्टर म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्या दोघांत ते नसतीलच, असं मात्र मला म्हणता येत नाही."

प्रणालीला तेवढं पुरलं. दहात दोन म्हणजे काय, हे तिच्याहून चांगलं कुणाला ठाऊक असणार? पण बाप एकच असतो, त्याचे दहा भाग करता येत नाहीत. तिला तो हवा होता, मुका झाला तरी हवा होता.

बाहेर येऊन तिनं टॉवेलाखाली हात घातला. अख्खी मूठ धरली, मग एक बोट. सहा. बिरूदेवांनी तिचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग कागद मागवला आणि सही केली. आईनं लगेच बिरोबाला नारळ बोलला.

ऑपरेशनच्या आधी दोन दिवस त्यांचा आवाज नोंदवून घेतला गेला आणि त्यातला फाटकेपणा काढून तो पूर्वीसारखा केला गेला. नंतर ते मोबाइलवर टाइप करत आणि मोबाइल त्यांच्या आवाजात बोले. गंमत अशी, की ते शहाणं यंत्र भाषा सुधारून बोलायचं. "कृपया मला पाणी द्या," असं नवऱ्याच्या आवाजात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून बसली. बिरूदेव त्यानंतर फारसं टाइप करेनासे झाले. बाजारात तर ते गेलेच नाहीत.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा रक्त तपासलं. गाठ काढूनही प्रथिनं चढत होती. प्रथिनवाचकानं आता दहात किती ते सांगितलं नाही, सरळ महिने सांगितले. तीन.

प्रणाली बाहेर आली तेव्हा आई देवळाकडे गेली होती. बिरूदेव बराच वेळ टाइप करत राहिले. मग त्यांचा जुना, भरदार आवाज शुद्ध मराठीत म्हणाला, "त्या दिवशी तू खोटा आकडा सांगितलास. मला तेव्हाच समजले होते. चाळीस वर्षे मी लोकांचे हात वाचले आहेत."

प्रणाली त्यांच्याशेजारी बसली. "मग सही का केलीसा, आबा?"

त्यांनी चारच शब्द टाइप केले.

"तुला मी हवा होतो."

मग त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला, मांडीवर टॉवेल पसरला आणि हात त्याखाली नेऊन तिच्याकडे पाहिलं. प्रणालीनं आपला हात आत घातला. खरा आकडा दिला, तर जो आवाज त्यांनी तिच्यासाठी दिला तो फुकट गेला, हे तिलाच त्यांना सांगावं लागणार होतं. खोटा दिला, तर ते ओळखणार होते आणि बहुतेक पुन्हा मुकाट्यानं मान्यही करणार होते. त्यांची बोटं तिच्या तळव्यात उघडी पडली होती, थंड आणि अगदी स्थिर.

त्यातली किती धरायची?